बरीच वर्षं उभी असलेली जुनी गाडी स्टार्ट घेत नाही, तेव्हा

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं) जुन्या गाडीचं इंजिन दोन-चार वर्षं बंद राहिलं आणि मग स्टार्ट घेईना, तर बहुतेक वेळा त्यात काही मोडलेलं नसतं. झीज चालत्या गाडीची होते. उभ्या गाडीत थर चढतात. सिलिंडरच्या भिंतीवर गंज, कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) सुकलेल्या पेट्रोलची राळ, पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइड, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी. म्हणून पहिलं काम साफसफाईचं आणि मोजमापाचं, सुटे भाग विकत घेण्याचं नाही. नवे प्लग, मग नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग नवा पंप अशी एकामागून एक खरेदी करून झालेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. दोष जिथल्या तिथेच असतो, वर नव्या भागांपैकी एखादा स्वतःच खराब निघाला की गुंता दुप्पट होतो.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी: बॅटरी चार्ज केली आणि चावी फिरवून पाहिली, असं करू नका. लांब मुक्कामानंतर इंजिनाचं जे खरं नुकसान होतं ते उभं राहिल्यामुळे कमी आणि या पहिल्या घाईच्या सेल्फमुळे जास्त होतं.

चावीला हात लावण्याआधी

बंद इंजिनात एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्या वाटेने दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनच्या वरच्या भागात, रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या) रेषेत गंज धरते. बोअरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. अशा स्थितीत सेल्फ मारला की रिंगा कोरड्या गंजावरून ओढल्या जातात, बोअरवर ओरखडे पडतात, कधी रिंगच तुटते. दुसरा धोका चिकटलेल्या व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये राळेने किंवा गंजाने धरलेली असेल तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) ढकलतो, व्हॉल्व्ह हलत नाही आणि पुशरॉड (मधली ढकलदांडी) वाकतो. उघडाच अडकून राहिला असेल, तर काही इंजिनांत पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो. हे सगळं दोन सेकंदांत होतं आणि मग खरोखरच इंजिन उघडावं लागतं.

तेव्हा बॅटरीची वायर काढलेलीच ठेवा. डिपस्टिक बाहेर काढून वास घ्या. तेलाची पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फाटलाय किंवा कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी सुई गळतेय. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. ते बाहेरच्या ओलाव्याचं की हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीतून) आलेलं, हे पुढे शोधावं लागेल. एअर क्लीनरचं झाकण उघडून आत बघा. उंदीर तिथे घर करतात, सायलेन्सरच्या तोंडातही करतात, आणि वायरिंगचं आवरण कुरतडतात. कुरतडलेली वायर आधी दुरुस्त करा. आगीचं ते मोठं कारण आहे.

मग सगळे प्लग काढा. काढण्यापूर्वी कुठली हाय-टेन्शन वायर कुठल्या सिलिंडरची हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ इंजिन ऑइल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. प्लग काढलेले असल्याने ते सहज फिरायला हवं. क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्या, कारण फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. रॉकर कव्हर काढून हे केलंत तर आणखी बरं. प्रत्येक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा आडवा दांडा) खाली जातोय आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगने पुरता वर येतोय ना, हे डोळ्यांनी दिसतं. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, दांडीवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, आणि व्हॉल्व्ह मोकळा वर-खाली होऊ लागेपर्यंत पुढे फिरवू नका.

इंजिन जाम असेल तर

पाना हलत नसेल तर पाइप लावून लांब दांडा करू नका. आधी जाम नेमकं कशाने झालंय ते पाहा. फॅनबेल्ट काढा, कधी कधी वॉटर पंप किंवा डायनामो धरलेला असतो आणि इंजिन बिचारं मोकळं असतं. तसं नसेल तर पिस्टन बोअरमध्ये धरलेत. इथे संयमाशिवाय उपाय नाही. चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल, किंवा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून, प्लगच्या भोकांतून सोडायचं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं आणि रंग खातं, म्हणून मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर. मिश्रण वापरण्याआधी दर वेळी हलवून घ्या, ते वेगळं होतं. रोज थोडं ओता आणि पाना हलक्या हाताने दोन्ही दिशांना, किंचित पुढे-मागे दाबून पाहा. आठवडा, दोन आठवडे लागू शकतात. केसभर जरी हललं तरी काम झाल्यात जमा आहे. तेवढंच पुढे-मागे करत राहा, वाट वाढत जाते.

गाडी गिअरमध्ये घालून दुसऱ्या गाडीने ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो. जाम इंजिनावर तो कधीही अमलात आणू नका. चाकांकडून येणारी ताकद इतकी असते की कनेक्टिंग रॉड वाकतो.

तेलाचा दाब आधी, ठिणगी नंतर

इंजिन हाताने मोकळं फिरतंय म्हटल्यावर जुनं तेल काढून नवं तेल आणि नवा फिल्टर घाला. फिल्टर उभा बसणारा असेल तर त्यात आधीच तेल भरून बसवा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे प्लगच्या भोकांतून आलेल्या वाफेला ठिणगी मिळणार नाही. प्लग अजून बाहेरच आहेत. आता चार्ज केलेली बॅटरी जोडून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. तेलाचा दिवा विझेपर्यंत किंवा गेजचा काटा वर येईपर्यंत हे करायचं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नसल्याने बेअरिंगवर भार नाही, आणि खरं स्टार्ट होईल त्या क्षणी क्रँक आणि कॅमला तेल पोचलेलं असेल. खूप वेळ करूनही दाब येईना तर ऑइल पंपातलं तेल उतरून गेलंय. पंपात तेल भरून पुन्हा प्रयत्न करा. दाब आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सेल्फ सुस्त फिरत असेल तर दोष बॅटरीचाच असेल असं नाही. 12 व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली; 12 च्या खाली महिनोन् महिने राहिलेली बॅटरी सल्फेट धरून बसलेली असते, ती चार्जरवर छान आकडा दाखवते आणि भार येताच कोसळते. सेल्फ मारताना बॅटरीवर 9.6 व्होल्टच्या खाली आकडा गेला तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा चांगला राहतोय तरी स्टार्टर सुस्त, तर करंट वाटेत अडतोय. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या लाइव्ह खांबावर, दुसरं स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या केबलचे जोड साफ करायचे. हेच बॅटरीचा अर्थचा खांब आणि इंजिनाचं उघडं धातू यांच्यामध्ये करा. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी वेणीदार अर्थ-पट्टी हा माझ्या मते जुन्या गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रंगाखाली, ग्रीसखाली तिचं टोक गंजलेलं असतं आणि लोक स्टार्टर बदलत बसतात.

दोन गोष्टी जोडणी करण्याआधी तपासा. अनेक जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, बॅटरीचा प्लस खांब अर्थला असतो. आणि काही गाड्या मुळात 6 व्होल्टच्या असतात. अंदाजाने जोडू नका.

स्टार्टर नुसताच घूंऽऽ करून फिरतो आणि इंजिन फिरत नाही, तर जुन्या पद्धतीच्या स्टार्टरमध्ये पिनियन त्याच्या आट्यांवर चिकटलेली असते. काढून पेट्रोलने धुवा आणि कोरडीच बसवा. तिथे ग्रीस लावलं तर धूळ धरून ती पुन्हा चिकटते.

एका सिरिंजने अर्धा प्रश्न सुटतो

आता प्लग साफ करून परत लावा, गॅप साधारण 0.6 ते 0.65 मिमी, म्हणजे पंचवीस थाउ (इंचाचे हजारावे भाग). कॉइलची वायर जोडा. जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. हे वाक्य सोडून पुढे जाऊ नका. मग सिरिंजमध्ये फक्त 5 मिलि ताजं पेट्रोल घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात सोडा, बाटली दूर नेऊन झाकण लावा, एअर क्लीनर परत बसवा आणि तोंड बाजूला ठेवून सेल्फ मारा. चालत्या सेल्फवर वरून पेट्रोल ओतणं म्हणजे तोंडावर भडका घेणं आहे; एअर क्लीनर बसवायचा तो त्याचसाठी.

इंजिन पकडलं, दोन-तीन सेकंद चाललं आणि बंद पडलं, तर ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) कामापुरतं बरोबर आहे. दोष पेट्रोलच्या वाटेवर. डिस्ट्रिब्युटरला (एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाला) हातही लावू नका. अजिबात पकडलं नाही तर पेट्रोलची वाट तूर्त सोडा आणि ठिणगीकडे वळा. आणि चावी सेल्फवर धरलेली असताना पकडतं, सोडली की त्याच क्षणी मरतं, असं झालं तर उत्तर जवळपास हातात आहे: कॉइलच्या आधीचा बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा रोधक) तुटलाय, किंवा इग्निशनच्या चालू स्थितीचा करंट कॉइलपर्यंत येत नाही. सेल्फच्या वेळी अशा गाड्यांत बॅलास्टला वळसा घालून थेट करंट मिळतो, म्हणून तेवढ्यापुरतं चालतं.

ठिणगी नाही

इग्निशन ऑन करून टेस्ट लॅम्प कॉइलच्या लाइव्ह टर्मिनलवर लावा. दिवा लागत नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि मधली वायर. लागत असेल तर तोच दिवा कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर लावून इंजिन फिरवा. दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. सतत लागूनच राहिला तर पॉइंट मिटूनही करंट जात नाहीये, म्हणजे तोंडावर ऑक्साइड आहे. लांब उभ्या गाडीत मला सर्वाधिक वेळा सापडलेला दोष हाच. सतत विझलेला असेल तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा आतली छोटी वायर बॉडीला टेकलीय, किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा भाग) शॉर्ट आहे.

पॉइंट साफ करायला बारीक पॉइंट-फाइल किंवा अगदी बारीक पॉलिश पेपर घ्या, मग कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढा. शेवटची कागदाची पायरी बरेच जण गाळतात. पॉलिश पेपरचे कण आणि बोटांचं तेल तोंडावर राहतं आणि साफ केलेले पॉइंटही करंट देत नाहीत. गॅप गाडीच्या पुस्तकात असेल तो, बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत 0.4 मिमीच्या आसपास. नव्या पॉइंटवर गंज येऊ नये म्हणून कारखान्यात मेणट तेल लावलेलं असतं. तेही पुसावं लागतं.

कॉइलची प्रायमरी ओममध्ये मोजा. साध्या 12 व्होल्ट कॉइलची 3 ओमच्या आसपास, बॅलास्टवाल्याची दीडच्या आसपास. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत टॉर्च मारून केसासारखी काळी रेघ शोधा. ती भेग असते आणि ठिणगी तिच्यातून पळते. मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर उसळतोय का पाहा. रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) आणि कंडेन्सर यांच्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे: जुना, मूळ भाग चालत असेल तर तो टाकू नका. हल्लीचे बदली भाग दिसायला चकचकीत असले तरी दर्जा फार खाली-वर असतो. बदललाच तर जुना डिकीत ठेवा.

शेवटी ठिणगी प्रत्यक्ष पाहा, पण उघड्या प्लगच्या भोकांपासून दूर. निळी, टणत्कार करणारी हवी. पिवळट, मरगळलेली ठिणगी मोकळ्या हवेत दिसते आणि दाबाखाली विझते.

ठिणगी चांगली, तरी कार्बोरेटरमधून फटाके येतात? कोणीतरी डिस्ट्रिब्युटर काढून उलटा बसवला असेल. एक नंबरचा पिस्टन वर असताना ते कॉम्प्रेशनचं टोक आहे की एग्झॉस्टचं, हे प्लगच्या भोकावर बोट ठेवून तपासा. बोटाला हवेचा धक्का बसला तर कॉम्प्रेशन. तेव्हा रोटर एक नंबरच्या वायरीकडे पाहिजे.

पेट्रोल येत नाही, किंवा येतंय ते पेट्रोल राहिलेलं नाही

टाकीतलं थोडं काचेच्या बरणीत काढा. चांगलं पेट्रोल नितळ असतं आणि वास नाकात जातो. जुन्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो, रंग गडद होतो. सहज पेटणारे हलके घटक उडून गेलेले असतात, म्हणून थंड इंजिन त्यावर पकडतच नाही. बरणीच्या तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे, किंवा इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं आणि एका मर्यादेनंतर तो थर तळाशी बसतो, नेमका जिथून पाइप पेट्रोल ओढतो तिथे. अशा पेट्रोलमध्ये ताजं मिसळून काम भागवू नका, टाकी रिकामी करा.

इथेनॉल जुन्या रबरालाही खातं. होज बाहेरून धड दिसतो, आतून त्याचे पापुद्रे सुटतात आणि एखादा तुकडा झडपेसारखा वाट बंद करतो. दाबून चिकट किंवा टणक लागणारा प्रत्येक होज बदला, आणि इथेनॉल सोसणाऱ्या प्रकाराचाच घ्या. पंपाचा डायफ्रॅमही त्याच प्रकारचा.

मग कार्बोरेटरजवळचा होज काढून बाटलीत सोडा आणि इंजिन फिरवा, कॉइलची वायर काढून. ठोक्याठोक्याने भरदार धार आली तर पंप ठीक. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन, फिल्टर, मग पंप, याच क्रमाने मागोवा घ्या. पॉइंटवाला इलेक्ट्रिक पंप असेल आणि टकटक आवाज येत नसेल, तर त्याच्या बॉडीवर हलकी टिचकी मारून बघा. चालू झाला तर त्याचेही पॉइंट साफ करायचे आहेत.

धार आहे आणि तरी इंजिन उपाशी, म्हणजे कार्बोरेटर. बाऊल, म्हणजे त्याची पेट्रोल साठवणारी वाटी, उघडा. तळाला पिवळा-तपकिरी चिकट लेप किंवा पांढरी भुकटी दिसेल. फ्लोटची (बाऊलमधल्या तरंगत्या डबीची) सुई सीटवर चिकटलेली असते, म्हणून पेट्रोल आत येत नाही. किंवा उघडीच राहते, म्हणून ते वाहतं आणि प्लग ओले होतात. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेने फुंका. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. फ्लोट कानाशी हलवा, आत खळखळलं तर तो भोक पडून भरलाय.

ठिणगी, पेट्रोल, टायमिंग सगळं आहे आणि तरी नाही, तेव्हा कॉम्प्रेशन मोजा: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. जुन्या इंजिनांत साधारण 8 ते 11 बार मिळतो, फार जुन्या, कमी कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात त्याहून कमी. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा चिकटल्यात, ज्या चालवून बऱ्याचदा सुटतात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह.

स्टार्ट होते, पंधरा मिनिटांत पुन्हा बंद

हा दोष पुन्हा पुन्हा येतो, कारण थंड झाल्यावर गाडी परत चालू होते आणि मूळ कारण तसंच राहतं. बंद पडताच, गरम असतानाच तपासायचं. आधी टाकीचं झाकण सैल करा. हवा सुसकारून आत गेली आणि गाडी चालू झाली, तर टाकीची हवेची वाट बुजलीय. मग फिल्टर पाहा: टाकीतला गंज चालताना ढवळला जातो आणि फिल्टर तांबड्या गाळाने भरतो, गाडी उभी राहिली की गाळ खाली बसतो आणि पेट्रोल परत येऊ लागतं. असं असेल तर कितीही फिल्टर बदला, टाकी उतरवून साफ केल्याशिवाय सुटका नाही. पेट्रोल भरपूर असून ठिणगी गेली असेल तर गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल. थंड असताना मोजलं तर दोन्ही निर्दोष दिसतात.

दर मुक्कामानंतर हीच कथा होत असेल तर महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करण्याची सवय आधी बंद करा. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, बॅटरीतून सेल्फने घेतलेलं परत भरत नाही. चालवायची तर पुरती तापेपर्यंत रस्त्यावर चालवा, नाहीतर नीट झोपवा: तेल उभी करण्याआधीच बदला, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल बेअरिंग खातं, बाऊल रिकामा करा, टाकी एकतर कोरडी ठेवा किंवा ताज्या पेट्रोलने आणि स्टॅबिलायझरने काठोकाठ भरा, बॅटरी काढून मेंटेनर चार्जरवर ठेवा. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून ठेवा, आणि कॉइलला किंवा स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की आत तेल सोडलंय, पेट्रोल काढलंय.

इंजिन लागलं म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका. बंद जागेत चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, तेव्हा गिअर घालून, पॅडल दाबून गाडी हाताने किंचित ढकलली जाते का ते इंजिन बंद असताना आधी पाहा. आणि ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं, व्हील सिलिंडर गंजून धरतात. चारही चाकं उचलून प्रत्येकाचा ब्रेक धरतो आणि सुटतो हे पाहिल्यावरच गाडी हलवा.